झिजेसाठी राखलेली जागा

गळीत हंगाम संपून साखर कारखान्याचा पट्टा पडला की आठवडाभरात परिसराचा आवाज बदलतो. ऊसतोड मजुरांच्या गाड्या मराठवाड्याच्या वाटेला लागलेल्या असतात, गव्हाण कोरडी पडलेली असते आणि ज्या मिलहाउसमध्ये हंगामात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे हातोड्याचे सुटे सुटे घाव ऐकू येऊ लागतात. ऑफ सीझन सुरू झालेला असतो. क्रेनने ऊस पिळणारा एकेक रोलर उचलून खाली निजवलेला असतो आणि फिटर त्याच्या अंगावरून हात फिरवत असतो.

हा रोलर बाहेरून अखंड दिसतो, पण तो दोन वस्तूंचा आहे. आत घडीव पोलादाचा शाफ्ट आणि त्यावर तापवून घट्ट बसवलेलं बिडाचं जाड कवच. कारखान्यात त्याला शेल म्हणतात. शेलवर व्ही आकाराच्या खाचा कापलेल्या असतात. हंगामभर उसाबरोबर पाचट, माती, वाळू असं सगळं या खाचांतून दळलं जातं आणि दात गुळगुळीत होतात. ऊस घसरू लागला की रोलर फिरता ठेवूनच दातांवर वेल्डिंगचे खरखरीत ठिपके चढवतात. त्याला आर्किंग म्हणतात. ती झाली तात्पुरती सोय. खरं काम ऑफ सीझनला होतं. रोलर लेथवर चढतो, खाचा नव्याने कापल्या जातात आणि व्यास थोडा उतरतो. असं काही हंगाम चालतं. शेवटी शेल संपतं. ते कापून काढतात आणि त्याच शाफ्टवर नवं शेल तापवून चढवतात. म्हणजे रीशेलिंग. शाफ्ट पुन्हा उसाखाली जायला तयार.

हे काम मी अनेकदा उभं राहून पाहिलं आहे, आणि दर वेळी मन शाफ्टपेक्षा त्या शेलच्या जाडीवर खिळतं. एवढी जाडी ताकदीसाठी लागत नाही. ती झिजण्यासाठी दिलेली आहे. ज्याने पहिल्यांदा असा रोलर कागदावर काढला, त्याला यंत्र सुरू होण्याच्या आधीच ठाऊक होतं की ते कुठे झिजणार, किती झिजणार आणि झिजल्यावर कोण कुठल्या हत्याराने ते पुन्हा उभं करणार. झिजणारं आणि न झिजणारं त्याने आराखड्यातच वेगळं केलं. आज 'शाश्वत उद्योग' हा शब्द परिषदांमधून फार ऐकू येतो. त्या शब्दाचं काही वजन असेल, तर ते कागदावरच्या या एका निर्णयात आहे.

आधी शब्दांचा घोळ दूर करू. दुरुस्ती म्हणजे बिघडलेलं तेवढं चालू करणं. पुनर्चक्रीकरण म्हणजे वस्तू मोडून, वितळवून तिचा कच्चा माल परत मिळवणं. या दोन्हींच्या मधे एक तिसरं काम आहे, पुनर्निर्मिती: वापरून थकलेली वस्तू पूर्ण उघडायची, प्रत्येक भाग धुऊन मोजायचा, झिजलेला पुन्हा मापात आणायचा किंवा बदलायचा, सगळं नव्याने जुळवायचं आणि नव्या मालाइतकीच हमी देऊन बाहेर पाठवायचं. क्रँकशाफ्ट वितळवला तर लोखंड हाती येतं. पण त्या लोखंडाला ठोकून आकार देण्यात, कठीण करण्यात, इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत घासण्यात जी ऊर्जा आणि जे कसब गेलं, ते भट्टीत जळून जातं. पुनर्निर्मितीत ते वाचतं. आपल्याकडे 'रिसायकल' या शब्दाला इतका मान मिळाला आहे की हा फरक कुणाच्या ध्यानातच येत नाही.

खरं तर घराघरात तो ध्यानात होता. जात्याची तळी नवी असताना जाड असायची ती उगाच नाही. दळून दळून दगड गुळगुळीत झाला, पीठ जाडंभरडं पडू लागलं की टाकारी यायचा, छिन्नीने तळीला टाके घालायचा आणि जातं पुन्हा नव्यासारखं दळू लागायचं. दर टाकवण्याला दगड सुताभर कमी व्हायचा. ती भरती दगड घडवणाऱ्याने आधीच ठेवलेली असायची. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई असायची: झिजायचं ते कथलाने, भांडं पिढ्यान्‌पिढ्या तेच. नांगराचा फाळ शेवटून घ्यायला लोहाराकडे न्यायचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला आणि १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन बिघडेल, अशी शंका घेणारा शेतकरी हळूहळू त्या नांगराला सरावला. त्या नव्या काळाच्या नांगरांतही जमिनीत घुसणारा फाळ सुटा आणि बोल्टने आवळलेला होता. झिजला की दुसरा लावा, नांगर तोच.

हे सगळं गरिबीमुळे होतं, असं कुणी म्हणेल. काही अंशी खरं आहे. पण गरिबी माणसाला काटकसर शिकवते, मापं शिकवत नाही. मापांची गोष्ट निराळी आहे आणि ती लष्करापासून सुरू होते.

१७८५ साली पॅरिसजवळ ओनोरे ब्लांक नावाच्या बंदूककाराने एक प्रयोग दाखवला. पन्नास बंदुकांच्या चापांचे सगळे भाग सुटे करून त्याने खणाखणांत मांडून ठेवले होते. पाहायला आलेल्यांत अमेरिकेचे तेव्हाचे फ्रान्समधले राजदूत थॉमस जेफरसन होते. त्यांनी हाताला येईल तो भाग उचलून स्वतः काही चाप जुळवले आणि ते नीट बसले. त्यांनी लगेच मायदेशी पत्र लिहून हे कळवलं, आणि त्यात भर दिला तो दुरुस्तीच्या सोयीवर. एरवी बंदुकीचा एक तुकडा मोडला की कारागिराने कानस घेऊन बसावं लागे. रणांगणावर तेवढा वेळ कुठला? पुढे स्प्रिंगफील्ड आणि हार्पर्स फेरी इथल्या अमेरिकी सरकारी शस्त्रशाळांना हे साधायला काही दशकं लागली. एकसारखे, बदलता येणारे भाग हा मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनाचा पाया मानला जातो, तो बरोबरच आहे. पण ही कल्पना पहिल्यांदा मागितली गेली ती मोडलेली वस्तू परत उभी करण्यासाठी, हे आपण विसरलो. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी स्क्रूच्या आट्यांचं एक प्रमाण सुचवलं. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा बोल्ट आपल्या नटाशीच एकनिष्ठ असे. व्हिटवर्थमुळे एका गावचं यंत्र दुसऱ्या गावचा मिस्त्री उघडून पुन्हा बंद करू शकला.

या परंपरेचं सगळ्यांत सुंदर फळ म्हणजे डिझेल इंजिन. आमच्या विहिरीवर वडिलांनी घेतलेलं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. ते धूर ओकू लागलं, तेल खाऊ लागलं की बैलगाडीत घालून तालुक्याला न्यायचं. तिथे मिस्त्री ते पूर्ण खोलायचा, भाग रॉकेलच्या परातीत धुवायचा आणि क्रँकशाफ्टच्या जर्नलला मायक्रोमीटर लावायचा. लहानपणी मला त्या मायक्रोमीटरच्या टकटकीचं भारी अप्रूप होतं. मग तो म्हणायचा, "दहाला जाईल." म्हणजे दहा थाउ, इंचाचे दहा हजारांश भाग. जर्नल तेवढं घासून गोल करायचं आणि त्यावर त्याच मापाचं जादा जाड बेअरिंग बसवायचं. पुढच्या खेपेला वीस, मग तीस, मग चाळीस. बेअरिंग बनवणारी कंपनी मुळातच ही सगळी मापं बाजारात ठेवायची. मिलिमीटरच्या जगात तीच पाव, अर्धा, पाऊण, एक अशी चालतात. सिलिंडरचंही तेच: बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घाला, किंवा लायनर असेल तर जुना ओढून नवा ठोका. याला आजही गॅरेजमध्ये 'इंजिन बांधणं' म्हणतात. हाफ इंजिन, फुल इंजिन. शब्द किती नेमका आहे! मोडलेलं जोडणं आणि नव्याने बांधणं यांतला फरक त्या मिस्त्र्याला पुरता कळलेला आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातली आणि गावोगावची क्रँक ग्राइंडिंगची दुकानं या एका सोयीवर उभी राहिली. त्यांना कुणी अनुदान दिलं नाही. इंजिनाच्या आराखड्यानेच त्यांना धंदा दिला.

आता मुद्द्यावर येतो. आराखडा काढणारा झिजेसाठी जागा कधी ठेवतो? इतिहास चाळला तर एकच उत्तर पुन्हा पुन्हा मिळतं: वस्तू झिजल्यावर ती ज्याच्या दारात परत येणार, तोच जर आराखड्यावर सही करत असेल किंवा निदान आराखड्याबाबत त्याचा शब्द चालत असेल, तेव्हा. विकली आणि नातं तुटलं की जागाही संपते.

बलुत्याची गोष्ट या नजरेने पाहा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५च्या 'गावगाडा'त ही व्यवस्था बारकाईने मांडली आहे. सुतार-लोहाराला नगावर पैसे मिळत नसत. वर्षभर कुणब्याची औतं चालती ठेवायची आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचं. औत वारंवार मोडलं तर घाटा कारागिराचाच, म्हणून ते न मोडेल असं आणि मोडलंच तर चटकन सुधारेल असं करण्यात त्याचं हित. ही व्यवस्था जातीच्या जोखडावर उभी होती; तिने माणसांना जन्माने कामाला जुंपलं आणि खालच्या पायरीवरच्यांना अपमानाची भाकर खाऊ घातली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते या जोखडाविरुद्धच. ती व्यवस्था गेली हे चांगलंच झालं. तिच्यात अडकलेलं एक गणित मात्र जातीशिवाय, दोन मोकळ्या माणसांच्या करारानेही मांडता येतं.

ते अमेरिकेत मांडलं गेलं, १९५९ साली. कोऱ्या कागदावर प्रत काढणारं '९१४' हे यंत्र तेव्हा बाजारात आलं. वजन जवळजवळ ३०० किलो आणि किंमत कुठल्याही कचेरीला झेपणार नाही अशी. म्हणून झेरॉक्स कंपनीने ते भाड्याने दिलं: महिना ९५ डॉलर, त्यात पहिल्या २००० प्रती धरलेल्या, पुढे प्रतीमागे पैसे. यंत्राची मालकी कंपनीचीच. बिघडलं तर तिचा माणूस धावणार, करार संपला की यंत्र तिच्याच कारखान्यात परतणार. परत येणाऱ्या यंत्रांचा ढीग समोर असला की आराखडा काढणाऱ्याची बुद्धी वेगळ्या दिशेने चालते. कुठला भाग पुढच्या मॉडेलातही तसाच बसवता येईल, कुठे चिकटवण्याऐवजी स्क्रू घालावा, कुठलं झाकण एका माणसाला पाच मिनिटांत काढता यावं, हे प्रश्न त्याला पहिल्या दिवशीच पडतात. पुढच्या दशकांत या कंपनीची पुनर्निर्मिती हा जगभर अभ्यासाचा विषय झाला.

आपल्या तहसील कचेरीबाहेर 'झेरॉक्स' अशी पाटी असते, तिथल्या कित्येक यंत्रांचा हा दुसरा जन्म आहे. परदेशातल्या कचेऱ्यांतून भाडेकरार संपून निघालेली यंत्रं कंटेनरमधून आली, इथल्या कारागिरांनी ती खोलून, ड्रम-रोलर बदलून उभी केली. सातबाऱ्याच्या लाखो प्रती अशा पुनर्जन्म घेतलेल्या यंत्रांतून निघाल्या. ती उघडता आली, म्हणून हे घडलं.

एसटीचंही तसंच आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. गाड्यांचं काय ते महामंडळानेच पाहायचं, म्हणून दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याला मध्यवर्ती कार्यशाळा उभ्या राहिल्या. चासी तीच ठेवून सांगाडा नवा चढवायचा, इंजिन उतरवून बांधलेलं दुसरं चढवायचं, टायरचा कॅरकस शाबूत असेपर्यंत रिमोल्ड करत राहायचा. रेल्वेने तर याची पद्धतच बसवली. पतियाळाला १९८१ साली स्थापन झालेल्या कारखान्यात निम्मं आयुष्य सरलेली २६०० अश्वशक्तीची डिझेल इंजिनं खोलून ३१०० अश्वशक्तीची करून बाहेर पडली. जुनं नवं करताना ते पहिल्यापेक्षा बळकट करता येतं, हे यातून सिद्ध झालं, आणि 'पुनर्निर्मिती म्हणजे कालचंच तंत्र कवटाळून बसणं' हा आक्षेप निकालात निघाला.

युद्धांनीही हाच धडा दिला. अमेरिकेने फेब्रुवारी १९४२मध्ये खासगी मोटारींचं उत्पादन थांबवलं, तेव्हा रस्त्यावरच्या गाड्या चालत्या ठेवायला इंजिनं-जनरेटर नव्याने बांधणारा एक अख्खा उद्योग फोफावला. युद्धाने पोखरलेल्या फ्रान्समध्ये रेनॉने १९४९ साली पॅरिसजवळ श्वाझी-ल-र्‍वा इथे इंजिन पुनर्निर्मितीचा कारखाना काढला.

मग हे बिनसलं कुठे? मोटारीच्याच जगात. फोर्डचं मॉडेल टी १९०८ ते १९२७ जवळजवळ तसंच राहिलं आणि दीड कोटींवर खपलं; आज घेतलेला भाग दहा वर्षांपूर्वीच्या गाडीला बसायचा. त्याला मागे टाकलं जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी. दरवर्षी नवं रूप, म्हणजे कालची गाडी चालत असली तरी जुनी वाटावी. १९२४ साली जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात गट केला आणि बल्बचं आयुष्य हजार तासांवर आणून ठेवलं. विकून मोकळं होणाऱ्याला टिकाऊ माल परवडत नाही, हे त्यांनी हिशेबात धरलं. पुढच्या काळात गोंद, रिव्हेट, न उघडणारं प्लास्टिक, एकसंध साचा यांनी उरलेलं काम केलं. जुळणी स्वस्त आणि वेगवान झाली आणि उघडण्याचा मार्ग बंद झाला.

माझ्या घरच्या धुलाई यंत्राचं सांगतो. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, ही रीत अनेकांची आहे. सातव्या वर्षी ते फिरताना विमानासारखा आवाज करू लागलं. कारागीर आला, ड्रम हाताने हलवून म्हणाला, "बेअरिंग गेलंय." मी म्हटलं, बदला. तो म्हणाला, "साहेब, बेअरिंग तीनशे-चारशेचं आहे. पण टब दोन अर्धे वेल्ड करून जोडलाय. उघडतच नाही. अख्खा टब बदलावा लागेल." त्याचा भाव नव्या यंत्राच्या निम्म्याच्या वर निघाला. मोटर ठणठणीत, पत्रा ठणठणीत, स्टेनलेस स्टीलचा ड्रम आरशासारखा. शेवटी भंगारवाला ते घेऊन गेला. त्या जोडावर वेल्डिंगऐवजी रबराची रिंग आणि आठ-दहा स्क्रू असते तर ते यंत्र आजही आमच्या बाल्कनीत फिरत असतं. ते जागेवर नसण्याचं कारण सात वर्षं आधी कुठल्या तरी संगणकाच्या पडद्यावर ठरलेलं होतं.

आणि ते पडद्यावरच उलटंही करता येतं. कोडॅकने १९८७ साली एकदाच वापरायचा कॅमेरा आणला. फिल्म धुतली की कॅमेरा कचऱ्यात. टीका झाली. १९९०पासून कंपनी ते कॅमेरे फिल्म धुणाऱ्या दुकानांतून परत घेऊ लागली आणि कवच उघडून आतले भाग पुन्हा वापरता येतील, असा आराखडा करू लागली. गिऱ्हाइकाने तर कॅमेरा आधीपासूनच दुकानात आणून दिलेला असायचा. तोवर फक्त तो उघडत नव्हता.

यातून रोजगार किती मिळतो, ही बाब आपल्यासाठी सर्वांत जिव्हाळ्याची असायला हवी. ज्या जिनिव्हात बल्बवाल्यांचा गट जमला, त्याच शहरात १९७६ साली वॉल्टर स्टाहेल आणि जनव्हिएव्ह रडे यांनी युरोपीय आयोगासाठी एक अहवाल लिहिला. उद्योगात लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग लोखंड, सिमेंट यांसारखा मूळ माल बनवण्यात जातो. माणसांचे हात मात्र उलट, तीन चतुर्थांश पुढच्या टप्प्यात, वस्तू घडवण्यात लागतात. म्हणून वस्तूचं आयुष्य वाढवलं की ऊर्जा वाचते आणि कामं वाढतात, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत रॉबर्ट लुंड यांनी १९८४ साली जागतिक बँकेसाठी लिहिताना हा उद्योग विकसनशील देशांना किती मानवेल, हे मांडलं. १९९६च्या पाहणीत त्यांना त्यांच्या देशात अशा ७३,००० कंपन्या, ४,८०,००० कामगार आणि ५३ अब्ज डॉलरची उलाढाल आढळली. एवढा मोठा उद्योग असून त्याची सरकारदरबारी नीट नोंदच नव्हती. तशीच नोंद आपल्या उद्यमनगरांचीही नाही. ही दुकानं 'असंघटित' या एका शब्दात गुंडाळून ठेवली आहेत, आणि त्यांतली मायक्रोमीटरची नजर कुठल्याही आयटीआयच्या अभ्यासक्रमाला हेवा वाटावा अशी आहे.

आता आपले कायदे पाहू. १ एप्रिल २०२५पासून आयुष्य संपलेल्या वाहनांचे नियम लागू झाले. उत्पादकावर जबाबदारी टाकली, हे योग्यच. पण ती जबाबदारी मोजली जाते मोडीतून परत मिळालेल्या पोलादाच्या किलोंत. गाडी चुरडून तिचं पोलाद भट्टीत गेलं की कंपनीचा हिशेब पुरा होतो. तिचा गिअरबॉक्स नव्याने बांधून हमीसह दुसऱ्या गाडीत बसवणाऱ्याला या मोजमापात वेगळं श्रेय नाही. वजनकाट्यावर क्रँकशाफ्ट आणि गंजका पत्रा यांची किंमत एकच. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने २०२२ साली समिती नेमली, पोर्टल काढलं, शेती अवजारांपासून वाहनांपर्यंत क्षेत्रं निवडली. ते स्वागतार्ह आहे, पण त्याचा मुख्य रोख माहिती आणि सुटे भाग मिळण्यावर आहे. वस्तूच उघडत नसेल तर माहिती घेऊन मिस्त्री काय करणार?

सगळंच पुन्हा बांधावं, असं मी म्हणत नाही. तीस वर्षांपूर्वीचा वीज पिणारा फ्रिज नव्याने भरून आणखी वीस वर्षं चालवणं म्हणजे वीजबिलात आणि कोळशात त्याची किंमत मोजणं. एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ मानकं आली, ती हवेसाठी आवश्यक होती. धुराच्या मापाने मागे पडलेलं इंजिन केवळ बांधता येतं म्हणून शहरात फिरवत ठेवायला नको. इंजिनाचं वजन कमी करताना लायनर गेले, कनेक्टिंग रॉडचं मोठं टोक मुद्दाम तडकवून दुभंगवण्याची पद्धत आली. त्या खडबडीत तडकीवरच दोन भाग नेमके जुळतात, त्यामुळे पुन्हा घासून मापात आणणं जमत नाही. त्या पद्धतीने वजन, खर्च आणि इंधन वाचतं, हेही खरं. हा तोल प्रत्येक वस्तूत वेगळा असतो आणि तो प्रामाणिकपणे साधावा लागतो. मला टोचतं ते एवढंच की आज तो साधताना तराजूच्या एका पारड्यात वस्तूच्या दुसऱ्या आयुष्याचं वजन घातलंच जात नाही.

हा सगळा इतिहास आज आठवण्याचं कारण चाकण आणि पिंपरीत आहे. आपला वाहन उद्योग इंजिनाकडून बॅटरीकडे वळतो आहे आणि पुढच्या पंचवीस वर्षांचे आराखडे सध्या काढले जात आहेत. बॅटरीचा पॅक हा या काळाचा साखर कारखान्याचा रोलर आहे. त्यात शेकडो सेल असतात. काही लवकर थकतात, बाकीचे धडधाकट असतात. सेल मॉड्यूलमध्ये आणि मॉड्यूल बोल्टने पॅकमध्ये असतील तर थकलेलं मॉड्यूल काढून नवं घालता येतं. पण वजन आणि जागा वाचवण्यासाठी आता मॉड्यूल वगळून सेल थेट पॅकमध्ये चिकटवण्याकडे, मधली जागा फोमने बुजवण्याकडे कल आहे. तसा पॅक उघडायचा म्हणजे तो फोडायचा. दहा थकलेल्या सेलपायी अख्खा पॅक भंगारात गेला की त्यातलं लिथियम-निकेल परत मिळेल. धडधाकट सेल मिळणार नाहीत.

युरोपने इथे पाऊल उचललं. २०२३च्या बॅटरी नियमांनुसार फेब्रुवारी २०२७पासून विजेच्या मोटारींच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागेल. ई-सायकल आणि हलक्या स्कूटरच्या बॅटऱ्या, त्यांतले एकेक सेलसुद्धा, कंपनीबाहेरच्या कारागिराला काढता-बदलता आले पाहिजेत, अशीही अट आहे. आपल्या २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी परत घेण्याची जबाबदारी घातली. पॅक उघडण्याजोगा असावा, ही सक्ती अजून व्हायची आहे.

ती दिल्लीहून येईपर्यंत महाराष्ट्राने हात बांधून बसण्याचं कारण नाही, कारण एक मोठं गिऱ्हाईक आपल्याच घरात आहे. पुण्याच्या पीएमपीने २०१९पासून, मुंबईच्या बेस्टने आणि एसटीने विजेच्या बस घेतल्या, त्या बव्हंशी भाडेतत्त्वावर. गाडी कंपनीची, चालवणं-सांभाळणं तिचं, आणि सार्वजनिक संस्था देते ते किलोमीटरमागे पैसे. सुगीला खळ्यावरचं धान्य, महिन्याला ९५ डॉलर, किलोमीटरला ठरावीक रुपये: नातं तेच आहे, आणि इथे ते मोकळ्या करारातलं आहे. अशा करारात कंपनी वर्षानुवर्षं गाडीशी बांधलेली राहते. पण करार संपताच गाडी आणि तिचा पॅक कुठे जाणार, हे त्यात लिहिलेलं नसेल तर आराखडा करारापुरताच काढला जाईल.

म्हणून पुढच्या निविदेत एक कलम घालावं. पॅक मॉड्यूलनिहाय उघडता यावा, उघडण्याची पद्धत आणि सेलच्या तब्येतीची नोंद महामंडळाच्या ताब्यात असावी, करार संपताना प्रत्येक पॅक खोलून मोजला जावा आणि ते काम दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या कार्यशाळांतल्या माणसांना शिकवण्याची जबाबदारी पुरवठादाराची असावी. इंजिनं बांधलेले हात तिथे अजून आहेत. त्यांतले बरेच येत्या काही वर्षांत निवृत्त होतील, आणि निविदांचे मसुदे तर आत्ताच लिहिले जात आहेत.